मेंढीच्या पोटाला कान लावून

सरांनी मला नोकरीवर घेतलं तेव्हा पदवीबद्दल काहीच विचारलं नाही. परळच्या त्या प्रयोगशाळेत मी मुलाखतीला गेले होते. हातात फाइल होती आणि अंगावर आईची त्यातल्या त्यात बरी साडी. सरांनी फाइल टेबलावरच राहू दिली आणि मला इमारतीच्या मागे नेलं. तिथे पत्र्याच्या शेडखाली दोन मेंढ्या बसल्या होत्या. त्यातल्या एकीकडे बोट दाखवून सर म्हणाले, "इथे उभ्या राहा. बाईंचा ढेकर ऐकू आला की मला सांगा." एवढं सांगून ते स्टुलावर बसले आणि पेपर वाचू लागले.

मी पाऊण तास उभी होते. मेंढी शांतपणे रवंथ करत होती. तिच्या गळ्यातून मधूनच एक गोळा वर सरकताना दिसायचा, तोंड चालू लागायचं, मग तोच गोळा खाली जायचा. ढेकर मात्र ऐकू येईना. शेवटी पाय दुखायला लागले तेव्हा मी सांगून टाकलं, की मला काहीच ऐकू येत नाहीये. मनात म्हटलं, गेली नोकरी. सरांनी पेपराची घडी घातली. म्हणाले, "येतच नाही. सोमवारपासून या."

माझ्या आधी आलेल्या दोघांनी ढेकर ऐकू आला असं सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. एकाने तर तीन मोजले होते. मेंढीच्या पोटातला वायू वर येतो, त्यातला बराचसा आधी फुप्फुसात शिरतो आणि मग श्वासाबरोबर बाहेर पडतो. त्यामुळे आवाज जवळजवळ होतच नाही. रानात लांडग्याला पत्ता लागू नये म्हणून ही सोय असावी, असं सर म्हणायचे आणि लगेच पुढे जोडायचे, "असावी, हं. मी लांडग्याला विचारलेलं नाही."

सर गिरगावातले. वडील, काका, आजोबा सगळे कचेरीत कारकून. त्या घराण्यात मेंढी जवळून पाहिलेला हा पहिलाच माणूस. ठेंगणे, सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी डॉक्टरांची आवाज ऐकायची नळी. तिची दोन टोकं खिशातून लोंबत असायची. लोक त्यांना डॉक्टर समजून रस्त्यात गुडघेदुखी सांगायचे. सर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मी फक्त मेंढीचं पोट बघतो, तेही बाहेरून."

ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. झाडूवाल्याला, साहेबांना, मला, मेंढ्यांनासुद्धा. एक मेंढी थोरल्या बाई, दुसरी धाकट्या बाई. सकाळी आले की आधी शेडमध्ये जायचे, थोरल्या बाईंच्या डाव्या कुशीला कान लावायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. नळी खिशात असूनही कानच लावायचे. गालाला लोकर टोचायची, शर्टाला वास लागायचा. मग उठून आम्हाला सांगायचे, "मंडळी कामात आहेत."

मंडळी म्हणजे मेंढीच्या पोटातले सूक्ष्मजीव. सरांची सगळी हयात त्यांच्यामागे गेली. मला त्यांनी हे प्रकरण समजावलं ते असं, की गवत मेंढी खाते पण गवत पचवणं काही मेंढीला येत नाही. तिचं ते पहिलं मोठं पोट म्हणजे एक गरम, अंधारं पातेलं. त्यात कोट्यवधी जीव गवत कुजवतात आणि त्यावर मेंढी जगते. कुजवताना हायड्रोजन सुटतो. तो साठला तर सगळं कामच थांबेल. तो उचलायला तिथे आणखी एक जात राहते. ती हायड्रोजन घेते आणि त्याचा मिथेन करून सोडून देते. तो मिथेन मेंढी श्वासावाटे बाहेर टाकते. हवा तापवण्यात त्याचा मोठा हात, म्हणून जगभर लोक या जातीच्या मागे लागलेले. सरांना हवा तापण्याची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्यांना या जिवांचं कौतुक होतं. हे जीव बॅक्टेरियासुद्धा नव्हेत, त्यांचं कूळच निराळं आणि फार जुनं. हवेचा वारा लागला की मरतात. पृथ्वीवर प्राणवायू नव्हता त्या काळातले हे लोक, तो आल्यावर मिळेल तिथे अंधारात जाऊन बसले आणि त्यातले काही थोरल्या बाईंच्या पोटात आहेत, असं सर सांगायचे तेव्हा ओळखीच्या घराण्याबद्दल बोलल्यासारखे बोलायचे.

सरांना मोजायची सवय होती. मेंढी एक घास वर आणून किती वेळा चावते ते रोज मोजायचे आणि डायरीत लिहायचे. आकडा साधारण पन्नासच्या आसपास असायचा. कमी झाला की सर अस्वस्थ व्हायचे. एकदा जेवताना माझ्याकडे बघत बसले होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "तुम्ही आठ वेळा चावता. माझी बहीण अकरा." त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्यासमोर डबा खाल्ला नाही.

त्यांची थोरली बहीण आणि ते, असे दोघेच गिरगावातल्या दोन खोल्यांत राहायचे. दोघांनीही लग्न केलं नाही. बहीण एका विमा कचेरीतून निवृत्त झालेली. तिचा नियम असा होता, की सरांनी बाहेरच्या गॅलरीतच शर्ट काढायचा, सरळ मोरीत जायचं आणि मगच घरात बोलायचं. मी एकदा कागद द्यायला गेले तेव्हा ती मला म्हणाली, की याला मेंढी कधी जेवली ते मिनिटासकट सांगता येतं आणि स्वतः जेवलाय का विचारलं तर आठवावं लागतं.

थर्मासची गोष्ट तर प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठ होती. आठवड्यातून दोनदा जनावरांच्या डॉक्टरीणबाई येऊन मेंढीच्या तोंडातून नळी घालून पोटातलं थोडं पाणी काढायच्या. ते गरमच राहायला हवं म्हणून सर थर्मासमध्ये भरून वर आणायचे. एकदा बाहेरून तपासणी समिती आली. सर आतल्या खोलीत होते. समितीतले एक वयस्कर गृहस्थ टेबलावरचा थर्मास उघडून कपात ओतायला लागले. सर दारात आले आणि शांतपणे म्हणाले, "ते थोरल्या बाईंचं आहे." गृहस्थांना वाटलं, कुणा बाईंनी घरून चहा आणलाय. त्यांनी माफी मागितली आणि कप खाली ठेवला. तेवढ्यात त्यांना वास आला. सरांचं सगळं लक्ष थर्मासच्या उघड्या झाकणाकडे होतं. ते नंतर दिवसभर हळहळत होते, की आतली मंडळी हवा लागून गेली.

आता ज्या गोष्टीमुळे मी सरांशी दोन वर्षं बोलले नाही, ती सांगते.

समुद्रातलं एक तांबूस शेवाळ चाऱ्यात मिसळलं तर मिथेन कमी होतो, असं परदेशातल्या काही लोकांना आढळलं होतं. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवाळाने काही होतं का, हे बघायचं काम सरांनी मला दिलं. वरळीच्या खडकांवर ओहोटीला जाऊन मी शेवाळ खरवडून आणायचे. आम्ही तेव्हा डिलाईल रोडला चाळीत राहायचो. ते धुऊन मी गॅलरीत आईच्या पापडाच्या प्लास्टिकवर वाळत घालायचे. आई आधी भडकली. मालवणीत मला बरंच काही बोलली. पण मग हे सरकारी काम आहे असं तिला कुणीतरी सांगितलं आणि ती स्वतःच कावळे हाकलत बसायला लागली.

प्रयोग साधा होता. काचेच्या नळ्यांमध्ये मेंढीच्या पोटातलं पाणी आणि थोडा चारा, वर हवा अजिबात नाही, रबरी बूच घट्ट. नळीत एका रंगद्रव्याचे दोन थेंब. आत हवा गेली तर पाणी गुलाबी होतं, नाही तर होत नाही. म्हणजे चूक झाली की नळी स्वतःच सांगते. अर्ध्या नळ्यांत मी शेवाळाची पूड घातली, अर्ध्या तुलनेसाठी कोऱ्याच ठेवल्या. दोन दिवसांनी वायू मोजला. पूड घातलेल्या नळ्यांत मिथेन निम्म्याहून खाली आला होता.

मी तीनदा प्रयोग केला. तिन्ही वेळा तेच.

मग सगळंच बदललं. आमच्या संस्थेचे मोठे साहेब, जे एरवी मागच्या शेडकडे नाकावर रुमाल धरून यायचे, ते माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. पशुखाद्य तयार करणाऱ्या एका कंपनीची माणसं येऊन गेली. पुन्हा येणार होती, या वेळी मोठी मंडळी घेऊन, आणि आम्ही सगळं नीट मांडून दाखवायचं होतं. त्यांनी पैसे घातले तर प्रयोगशाळेत एक कायमची जागा निघणार होती आणि ती माझी, हे साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं. माझे वडील मिल बंद झाल्यापासून त्याच मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये पहारेकरी होते. त्यांनी अख्ख्या चाळीला सांगितलं. मजल्यावरच्या बायका मला विचारायला लागल्या, की आता आम्ही जाणार का इथून.

त्या मोठ्या दिवसाच्या आठ दिवस आधी सर माझ्या टेबलापाशी आले. हातात संत्रं होतं. एक फोड माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "शेवाळ घातल्यावर नळ्या गुलाबी झाल्या होत्या का?"

मी म्हटलं, "नाही दिसल्या."

"झाल्या नाहीत, की दिसल्या नाहीत?"

मी टेबलावरच्या नळ्यांकडे पाहिलं. शेवाळाची पूड पडली की पाण्याला गडद तांबडा रंग यायचा, अगदी आमच्या कोकम सारासारखा. त्यात गुलाबी मिसळलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. आणि पूड घालायला मी बूच उघडत होते. ज्या नळ्यांत काही घालायचं नव्हतं त्या उघडल्याच नव्हत्या. हे मला त्या क्षणी सुचलं असं मी म्हणू शकले असते. पण खरं म्हणजे तिसऱ्या वेळी नळी उघडताना माझ्या मनात हे येऊन गेलं होतं आणि मी ते येऊ दिलं नव्हतं.

सर म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

मी सांगितलं, की दिसल्या नाहीत.

 सर उरलेलं संत्रं माझ्या टेबलावर ठेवून काचेच्या नळ्या धुवायला गेले. तीन दिवस त्यांनी सगळं स्वतः केलं. मी शेजारी उभी राहून देत-घेत होते. एका गटात शेवाळाची पूड, पण आधी तिच्यातली हवा काढून टाकलेली. दुसऱ्या गटात साध्या गवताची पूड, तशीच हवा काढलेली. तिसऱ्या गटात गवताचीच पूड, पण मी घालत होते तशी, बूच उघडून. गवताने पाण्याला रंग येत नाही. तिसऱ्या गटातल्या नळ्या पूड पडताच गुलाबी झाल्या. दोन दिवसांनी मोजलं तर मिथेन फक्त त्याच नळ्यांत उतरला होता. वरळीच्या शेवाळाने काहीही केलं नव्हतं. मंडळींना माझ्या हातून हवा लागली होती, एवढंच.

मी त्यांना विनवलं. म्हटलं, कंपनीचे लोक येऊन जाऊ देत, आपण पुन्हा करून बघू, कदाचित दुसऱ्या जातीचं शेवाळ लागेल. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आधी सांगायचं आणि मग तपासायचं?"

कंपनीचे लोक आले त्या दिवशी खोलीत पंधरा-वीस माणसं होती. फळ्यावर मी लावलेलं चित्र होतं, त्यात मिथेनची खाली उतरणारी रेघ. सर उठले, चित्राशेजारी खडूने दोन नळ्या काढल्या, एक उघडी आणि एक बंद, आणि पाच मिनिटांत सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "कोऱ्या नळीत काही घालायचं नाही हे मी ठरवलं होतं. चूक माझी आहे." हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मला माहीत होतं आणि मी खाली बघत बसले. कंपनीच्या लोकांनी चहा घेतला, दोन-तीन चांगले शब्द बोलले आणि गेले. मोठे साहेब त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले, ते परत आमच्या खोलीत आले नाहीत.

कायमची जागा निघाली नाही. मार्चमध्ये प्रकल्प संपला आणि त्याबरोबर माझी नोकरी.  जिन्यात कुणी विचारलं तर वडील "बघू" म्हणायचे, आणि ते "बघू" मला घरात बसून ऐकू यायचं. शेवटच्या दिवशी मी सरांसमोर जाऊन म्हटलं, की तुम्हाला मेंढ्यांची काळजी आहे, माणसांची नाही. सरांनी थोडा विचार केला. "असेल," म्हणाले. त्याने मला आणखीच राग आला. भांडले असते तर बरं झालं असतं.

पुढे मला वरळीला एका औषध कंपनीत नोकरी लागली. गोळ्या विरघळतात की नाही ते तपासायचं. पगार बरा होता. सहा महिन्यांनी सरांकडून एक ईमेल आलं. मजकूर काहीच नाही, फक्त एका पानाचा छापील लेख जोडलेला. रंगीत चारा तपासताना नळीतल्या गुलाबी रंगावर विसंबू नये, कोऱ्या नळीतही बिनरंगी पूड घालावी, असं त्यात लिहिलं होतं, आणि आमच्या हातून काय झालं तेही. लेखकांत पहिलं नाव माझं होतं, दुसरं सरांचं. मला वाटलं, यांनी माझी चूक माझ्याच नावाने छापून जगभर वाटली. मी उत्तर दिलं नाही. दिवाळीला त्यांचा फोन आला तोही घेतला नाही.

परळ सोडून दोन वर्षं झाली तेव्हा एका सकाळी पुन्हा फोन आला. नंबर लक्षात नव्हता म्हणून उचलला. नमस्कार नाही, कशा आहात नाही. सर म्हणाले, "वरळीत एक शेळी आज विणार आहे. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. तुमचं ऑफिस जवळ आहे. याल का?"

का गेले ते मला नीट सांगता येत नाही. औषध कंपनीतल्या साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली, कारण पोटदुखी सांगितलं.

वरळीच्या जुन्या चाळींच्या मागच्या बाजूला एका काकींनी शेळी पाळली होती. काकी देवगडकडच्या, नवरा गेलेला, मुलगा कुरियरच्या कामावर. शेळीचं नाव गोरी, पण ती काळी होती. सर आता निवृत्त झाले होते आणि गेला महिनाभर तिथे येत होते, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून गोरीचं रवंथ मोजत होते. काकींनी त्यांना मास्तर करून टाकलं होतं. मी पोचले तेव्हा त्या सरांना विचारत होत्या, "मास्तरानू, तिच्या पोटात तुमका काय गावतला?"

सर वाळले होते. माझ्याकडे बघताना मान एका बाजूला वळवत होते, कारण समोरचं धूसर दिसायचं. मी राग घेऊन आले होते, तो कुठे ठेवावा मला कळेना. त्यांनी त्याची दखलच घेतली नाही. त्यांना एक प्रश्न पडला होता आणि तो सांगायची घाई होती. करडू जन्मतं तेव्हा त्याच्या पोटात मिथेनवाली मंडळी नसतात. थोड्याच दिवसांत दिसायला लागतात. ती आईकडून येतात असं पुस्तकात एका ओळीत लिहिलंय. पण ती तर हवेने मरतात. आईच्या पोटातून बाहेर पडायचं, मोकळ्या हवेतून जायचं आणि करडाच्या पोटात शिरायचं. म्हणाले, "एवढासा रस्ता. पण त्यांनी तो कसा पार केला ते मला बघायचंय. बाकी काही नाही."

दुपारी दोनच्या सुमाराला गोरी व्यायली. एकच करडू, आईसारखंच काळं, कपाळावर पांढरा ठिपका. काकींनी त्याचं नाक पुसलं. ते दोनदा पडलं आणि तिसऱ्यांदा उभं राहिलं. आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी अगदी बारीक रबरी नळीने करडाच्या पोटातून चार-सहा थेंब काढले. मी ते हवा न लागू देता कुपीत घेतले. दोन वर्षं झाली तरी हाताची सवय गेली नव्हती. परळच्या जुन्या प्रयोगशाळेत सरांच्या जागी आलेल्या बाईंनी आम्हाला सूक्ष्मदर्शक वापरायची परवानगी दिली होती. या मिथेनवाल्या जिवांची एक खूण आहे. जांभळा प्रकाश टाकला की ते आपोआप निळसर हिरवे चमकतात, रंग द्यावा लागत नाही. मी पाहिलं. सगळा काळोख होता. सरांनी डायरीत लिहायला सांगितलं: पहिला दिवस, काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पोटदुखी सांगितली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, की डॉक्टरला दाखवलं का. मी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं खुर्च्यांवर बसून करडाकडे बघत होतो. ते आईचं दूध पीत होतं, मधेच चाळीच्या भिंतीचा चुना चाटत होतं. मग आईच्या तोंडाशी गेलं. गोरी रवंथ करत होती, ओठाला हिरवट लाळ होती आणि करडू ती चाटायला लागलं. सर खुर्चीवरून पुढे वाकले. किती वेळ चाटलं ते मी घड्याळात बघून सांगितलं. असंच असेल का, मी विचारलं. म्हणाले, असू शकेल, पण भिंतही चाटलीच आहे.

मग मला धीर झाला. मी विचारलं, "त्या लेखावर माझं नाव पहिलं का घातलंत?"

सर करडाकडेच बघत राहिले. "तुम्ही 'दिसल्या नाहीत' म्हणालात म्हणून," ते म्हणाले. "'झाल्या नाहीत' म्हणाला असतात तर मी विश्वास ठेवला असता. मला कधीच कळलं नसतं. शोध तुमचाच होता."

 तिसऱ्यांदा नळी उघडताना मला शंका आली होती, हे त्यांना सांगायचं ओठावर आलं होतं. मी सांगितलं. सरांनी मान हलवली. "वाटलंच होतं," म्हणाले, आणि करडू आता काय चाटतंय ते मला विचारायला लागले.

तिसऱ्या दिवशीही काळोखच होता. चौथ्या दिवशी सकाळी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सर शेजारच्या स्टुलावर बसले होते. बराच वेळ काही नव्हतं. मग कोपऱ्यात दोन ठिपके. निळसर, बारीक, एकमेकांच्या जवळ. मी श्वास धरून पुन्हा पाहिलं. सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, हलतात का? नाही. रंग? निळा, थोडा हिरवा. किती वेळ टिकतो? मी मोजलं, हळूहळू विझत जातो. ते सगळं ऐकत होते आणि मान खाली घालून जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी काकींना फोन लावायला सांगितला. काकींनी विचारलं, ती जनावरं आता किती दिवस राहणार करडाच्या पोटात. सर म्हणाले, जन्मभर. काकी म्हणाल्या, "बरा आसा. भाडा नाय, काय नाय." सर हसायला लागले. इतके हसले, की शेजारच्या खोलीतून कुणी डोकावून गेलं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं, पण त्यानंतर सर फार दिवस राहिले नाहीत. एका दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. त्यांच्या बहिणीने मला बोलावून डायऱ्या दिल्या. म्हणाली, "यात काय आहे ते मला कळत नाही, पण तू वाचशील." मी वाचते. त्यात बहुतेक आकडेच आहेत आणि मधूनमधून प्रश्न.

काकींच्या चाळीच्या जागी आता मोठी इमारत होणार आहे. गोरी विकून टाकली, पण त्या करडाला काळी असं नाव देऊन काकींनी ठेवून घेतलं. गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी त्यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, की काळी आज व्यायला बसलीय. "मास्तर नाय, तर तू ये."

मी साहेबांना पोटदुखी सांगितली नाही. खरं कारण सांगितलं. ते जा म्हणाले. डॉक्टरीणबाईंना घेऊन गेले. दोन करडं झाली. रोजच्या रोज थेंब काढले, परळला नेले, जांभळ्या प्रकाशाखाली पाहिले. या वेळी मंडळी तिसऱ्याच दिवशी आली, आणि दोनपैकी एकाच करडात. दोघांची आई एक, दूध एक, भिंतही एक. दुसऱ्यात का आली नाहीत, ते मला अजून कळलेलं नाही.